पेडल दाबलं की बेसचा तळ गायब होतो? या क्रमाने तपासा

पेडल बंद असताना बेस गिटार भरदार वाजतो, छातीत जाणवतो. डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज मुद्दाम फाडणारं पेडल, दाबलं की आवाज एकदम पातळ होतो. वरची खरखर तेवढी उरते आणि किक ड्रमच्या खाली जो आधार होता तो निघून जातो. खोलीत एकट्याने वाजवताना हे फारसं खटकत नाही. बँड सुरू झाला की मात्र गिटारवाला मागे वळून विचारतो, "बेस बंद केला का?" हे मुख्य लक्षण.

त्याच्याबरोबर आणखी तक्रारी येतात आणि मुलं त्या सगळ्या एका दमात सांगतात. तारा हाताने दाबून धरल्या तरी घुंऽऽ चालूच राहतं. जोरात वाजवा की हळू, आवाज तेवढाच. जाड तारेवर सूर कळत नाही, नुसतं भुर्र होतं. आणि एक अगदी वेगळी: पेडल बंद असतानाही आवाज फाटलेला येतो.

नागपुरात माझ्याकडे ही तक्रार गणपतीच्या आधी ऑर्केस्ट्रातली मुलं आणतात, आणि डिसेंबर-जानेवारीत कॉलेज फेस्टची. वाक्य जवळजवळ तेच असतं: "दादा, पेडल मारला का बेसच गायब होऊन रायला." पेडल पिशवीतून काढून माझ्यासमोर ठेवतात, उघडून बघा म्हणतात. बहुतेक वेळा मी ते उघडत नाही. त्यात बिघाड नसतो.

बिघाड नाही, मग काय आहे

चार तारांच्या बेसची मोकळी ई तार ४१.२ हर्ट्झवर वाजते. गिटारची सगळ्यात जाड तार त्याच्या दुप्पट, ८२.४ वर. दुकानात सहज मिळणारी डिस्टॉर्शन पेडलं बहुतेक गिटारसाठी बांधलेली असतात. खालचे सूर जसेच्या तसे क्लिपिंगमध्ये, म्हणजे आवाज फाडण्याच्या टप्प्यात, घातले तर चिखल होतो, म्हणून बांधणारा ते आधीच छाटून टाकतो. ट्यूब स्क्रीमर या गिटारच्या पेडलचं उदाहरण घ्या, कारण त्याच्या नकला सगळीकडे आहेत. त्याच्या क्लिपिंगच्या टप्प्यात ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे. दोघांचा हिशेब केला की ७२० हर्ट्झ येतो. त्याच्या खाली गेन, म्हणजे आवाज किती पट वाढतो ते, उतरत जातो. म्हणजे ती रेषा तुमच्या मोकळ्या ई तारेच्या सतरा पट वर आहे! गिटारवाल्याला हे हवंच असतं. खालची जागा त्याने बेससाठी सोडलेली असते, आणि आपण तेच पेडल बेसला लावतो.

दुसरी गोष्ट अशी की क्लिपिंगमध्ये लाटेचे शेंडे कापले जातात आणि त्यातून वरचे नवे सूर तयार होतात. एकूण आवाज तेवढाच ठेवला तर त्यात तळाचा वाटा कमी होतो. शेंडे कापल्यामुळे बोटाचा ठोकाही दबतो, म्हणून जोरात आणि हळू यात फरक उरत नाही. हे डोक्यात ठेवलं तर पुढची प्रत्येक तपासणी का करायची ते आपोआप कळेल.

पहिली तपासणी: लेव्हल आणि गेन, खर्च शून्य

अ‍ॅम्प तालमीत असतो तेवढ्या आवाजावर ठेवा. घरातल्या बारीक आवाजावर ही तपासणी करू नका, कारण आवाज कमी असला की आपल्या कानाला खालचे सूर मुळातच कमी ऐकू येतात. आता ई तारेचा पाचवा फ्रेट एकसारखा वाजवत राहा आणि पेडल चालू-बंद करा. गेनचा नॉब पूर्ण खाली, टोन खाली, लेव्हल मधोमध. लेव्हल हळूहळू वाढवा, चालू आणि बंद यांचा जोर सारखा वाटेपर्यंत. हे कोणीतरी समोर उभं राहून ऐकलं तर उत्तम. आपण अ‍ॅम्पच्या अगदी जवळ असतो आणि स्पीकर आपल्या पोटऱ्यांवर आवाज टाकत असतो.

मग गेन वाढवायला घ्या. तारेला जरा करकर आली की थांबा. मुलं गेन तीन-चार वाजताच्या जागी ठेवतात, कारण एकट्याने वाजवताना तेच जबरदस्त वाटतं. दोन गिटारांच्या बरोबर असताना त्यातली बहुतेक खरखर त्यांच्याच आवाजात मिसळून जाते आणि बेसच्या हाती काहीच राहत नाही. बेसला लागणारा गेन गिटारच्या निम्माही नसतो, हे मी अगदी ठाम सांगतो. लेव्हल कमी आणि गेन जास्त, एवढ्या एका चुकीमुळे माझ्याकडे आलेली पेडलं मोजायची झाली तर बोटं पुरणार नाहीत.

इथेच हातांकडेही बघा. डिस्टॉर्शन चालू असलं की न वाजवलेली तारही ओरडते. डाव्या हाताची मोकळी बोटं बाकीच्या तारांवर हलकी टेकलेली हवीत. ई तारेवर दोन सूर एकत्र, त्यातही तिसऱ्या सुराची जोडी वाजवली, तर भुर्र होणारच. तो पेडलचा दोष नाही. अशा जागी एकच सूर वाजवा, फार तर त्याचा पंचम किंवा वरचा षड्ज धरा.

अ‍ॅम्प आणि स्पीकर

कॅबिनेटला, म्हणजे स्पीकरच्या पेटीला, ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) असेल तर त्याचा नॉब पूर्ण बंद करून एकदा ऐका. डिस्टॉर्शनची बोचरी चरचर तिथूनच येते, आणि ती एवढी लक्ष वेधते की तळ असूनही नसल्यासारखा वाटतो. ट्वीटर नसलेली बेसची कॅबिनेट ४-५ किलोहर्ट्झच्या वर आपोआप उतरतात, म्हणून डिस्टॉर्शन त्यांच्यावर गोड लागतं. मंडपात बेस थेट मिक्सरला जातो तेव्हा मध्ये कॅबिनेटच नसतं. म्हणून तिथे आवाज फटफट येतो. साउंडवाल्याला सांगून त्या चॅनेलचा हाय कमी करून घ्या.

मिड, म्हणजे मधले सूर, कापू नका. लो आणि हाय वर, मधला खड्डा, हे चित्र अ‍ॅम्पवर छान दिसतं आणि एकट्याने वाजवताना ऐकायलाही छान वाटतं, पण गर्दीत बेस ऐकू येतो तो मिडमुळेच. मोटरहेड बँडचा लेमी त्याचा रिकनबॅकर बेस मार्शल अ‍ॅम्पमधून वाजवायचा. तो आवाज कानात आणा, तो जवळजवळ सगळा मिडच आहे.

आठ इंची स्पीकरच्या सरावाच्या अ‍ॅम्पमधून ४१ हर्ट्झची अपेक्षा ठेवू नका. तिथे तपासणी पटत नसेल तर चांगला हेडफोन लावा.

बेसची बॅटरी, केबल, अ‍ॅडॅप्टर

पेडल बंद असतानाही आवाज फाटत असेल तर पेडलकडे बघूच नका. तुमचा बेस अ‍ॅक्टिव्ह आहे का? त्याच्या आत ९ व्होल्टची बॅटरी असते, आणि ती उतरली की बेस स्वतःच फाटायला लागतो. नवी अल्कलाइन बॅटरी मीटरवर साडेनऊच्या आसपास दाखवते. सात-साडेसातवर आली की बदला. केबल बेसच्या जॅकमध्ये लावून ठेवली तर ही बॅटरी रात्रभर चालू राहते. पेडलच्या इनपुट जॅकचंही तसंच आहे. त्यात केबल घुसली की आतला बॅटरीचा मार्ग जुळतो. वाजवून झालं की दोन्हीकडची केबल काढा. इतकी साधी गोष्ट, पण दर महिन्याला कोणाची तरी बॅटरी यातच जाते.

अ‍ॅक्टिव्ह बेसचा आवाज मुळात जोरात निघतो, त्यामुळे पेडलमध्ये गेन शून्यावर असतानाही तो क्लिप होऊ शकतो. बेसचा व्हॉल्यूम थोडा खाली घेऊन बघा.

केबल बदलून बघा. ज्या केबलची खात्री आहे ती एकेका जागी लावायची: आधी बेस ते पेडल, मग पेडल ते अ‍ॅम्प. दोन्ही एकदम बदलल्या तर दोष कुठल्या केबलमध्ये होता ते कधीच कळणार नाही.

अ‍ॅडॅप्टरबद्दल जरा सविस्तर सांगतो. पेडलला बहुधा ९ व्होल्ट लागतात आणि पिनच्या मधल्या भागाला ऋण लागतो. अ‍ॅडॅप्टरवर छोटं गोल चित्र असतं, त्यात वजा खूण मधल्या ठिपक्याशी जोडलेली हवी. घरातला राउटरचा अ‍ॅडॅप्टर त्याच मापाचा असतो, बसतोही घट्ट, पण तो बहुधा १२ व्होल्टचा आणि मध्ये धन असलेला असतो. तो लावला की आतला संरक्षक डायोड जळतो, कधी त्यापुढचंही काही जातं. तसं झालं असेल तर पेडल पूर्ण मेलेलं असतं. तळ गायब होण्याचा आणि त्याचा संबंध नाही. ते दुरुस्तीकडे न्या.

अ‍ॅडॅप्टर बरोबर असूनही संशय असेल तर तो काढा आणि पेडल बॅटरीवर चालवा. बॅटरीवर घुंऽऽ गेलं तर दोष अ‍ॅडॅप्टरचा. एकाच अ‍ॅडॅप्टरवर पाच पेडलं माळेसारखी जोडली असतील तर तिथेही हेच करून बघा.

घुंऽऽ कुठला सूर आहे ते ऐका

ही तपासणी मला सगळ्यात आवडते, कारण ती फक्त कानाने होते. आपली वीज ५० हर्ट्झची. बेसच्या ई तारेचा तिसरा फ्रेट, म्हणजे जी, ४९ हर्ट्झवर आहे. मोकळी जी तार ९८ वर. म्हणजे आपल्याकडे विजेचा आवाज जवळजवळ जी सुरात गातो! पेडल बंद करा, बेस नीट ट्यून करा आणि अ‍ॅम्पच्या घुंऽऽ वर आधी तिसऱ्या फ्रेटचा जी हळुवार वाजवा, मग मोकळी जी तार. जो सूर त्याच्याशी जुळतो तिथे आवाज लाटेसारखा वर-खाली होईल, तिसऱ्या फ्रेटला सेकंदाला साधारण एकदा, मोकळ्या तारेला दोनदा. खालचा, म्हणजे ५० चा, जुळला तर विजेचा आवाज पिकअपमधून (तारांखालच्या चुंबक आणि वेढ्यांतून) किंवा अर्थिंगच्या वेढ्यातून, म्हणजे दोन वाटांनी अर्थ लागल्यामुळे, येतोय. वरचा, १०० चा, जुळला तर अ‍ॅडॅप्टर किंवा अ‍ॅम्पचा पॉवर सप्लाय संशयित. दोन्हीपैकी काहीच नाही, बारीक शिट्टी आहे, तर स्वस्त स्विचिंग अ‍ॅडॅप्टर किंवा जवळ ठेवलेला मोबाइल.

पेडल हा आवाज तयार करत नाही, वाढवतो. गेन शंभर पट असेल तर जी भुणभुण आधी कानावर येत नव्हती तीही शंभर पट होते. म्हणून मूळ शोधायचं ते पेडलच्या आधी. बेसवर दोन वेगळे सिंगल कॉइल पिकअप असतील, १९६० साली आलेल्या जॅझ बेससारखे, तर दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडा. दोन्ही पिकअपचे वेढे आणि चुंबक एकमेकांच्या उलट असतात, त्यामुळे दोन्ही सारखे उघडे असताना भुणभुण एकमेकांत मरते. एक जरी कमी केला तरी ती परत येते. प्रिसिजन बेसचा दोन तुकड्यांचा पिकअप १९५७ पासून याच युक्तीवर चालतो.

मग कूलर. मार्च ते जूनच्या पावसापर्यंत नागपुरात तालमीच्या प्रत्येक खोलीत तो असतोच, आणि त्याची मोटर आणि पंप बहुधा अ‍ॅम्पच्याच बोर्डावर असतात. एक मिनिट कूलर बंद करा आणि ऐका. फरक पडला तर अ‍ॅम्पला वेगळ्या सॉकेटवर घ्या. मे महिन्यात कूलर बंद ठेवून तालीम करा असं मी कोणाला सांगणार नाही. पिकअपचं तोंड कूलरकडून फिरवून उभं राहिलात तरी बराच फरक पडतो.

तारांना हात लावल्यावर भुणभुण कमी होत असेल तर घाबरू नका. तारा ब्रिजमधून अर्थला जोडलेल्या असतात, त्यामुळे असं होतंच. हात लावल्यावर ती वाढत असेल तर ब्रिजची वायर किंवा जॅकची जोडणी बघावी लागेल. आणि हात लावल्यावर चुरचुर झाली, मुंग्या आल्या, तर इथेच थांबा. त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

साफ आवाज वेगळा ठेवा

इतकं सगळं करून लेव्हल, गेन, अ‍ॅम्प, वीज ठीक निघाली आणि तरीही तळ हवा तेवढा नाही, तर आता पैसे खर्च करायची वेळ आली. उपाय एकच, आणि माझ्या मते तोच खरा उपाय: बेसचा साफ आवाज पेडलच्या बाजूने तसाच पुढे न्यायचा आणि डिस्टॉर्शन त्यात मिसळायचं. द हू या बँडच्या जॉन एंटविसलने तळ आणि वरचा आवाज वेगवेगळ्या अ‍ॅम्पमधून काढला तो याच विचाराने. आज तेवढं सामान लागत नाही. बॉसच्या ओडीबी-३ वर बॅलन्सचा नॉब आहे, सॅन्सअ‍ॅम्पच्या बेस ड्रायव्हरवर आणि डार्कग्लासच्या बी७केवर ब्लेंडचा. तुमचं आवडतं गिटारचं पेडल सोडायचं नसेल तर बॉस एलएस-२ सारखा लाइन सिलेक्टर घ्या. एका फांदीत काहीच नाही, दुसऱ्या फांदीत पेडल, आणि दोन्ही एकत्र. विकत घ्यायच्या आधी कोणाचा तरी मागून एक तालीम वाजवून बघा.

ट्यूब स्क्रीमरचा तो कपॅसिटर बदलून ०.२२ चा टाका, हा सल्ला तुम्हाला मिळेल. तो चुकीचा नाही, रेषा ७२० वरून १५४ वर येते. मी ते करून पाहिलं आहे. तळ येतो, पण तो क्लिप होऊनच येतो आणि जाड तारेवर भुर्र वाढतं. साफ आवाज मिसळण्याची सर त्याला नाही.

मिसळताना एक सापळा आहे आणि त्यात मी स्वतः पूर्ण एक संध्याकाळ घालवली आहे. साफ फांदी एकटी ऐकली, भरदार. डिस्टॉर्शनची एकटी ऐकली, ठीक. दोन्ही अर्ध्या-अर्ध्या केल्या की दोन्हीपेक्षा पातळ! तीन केबल बदलल्या, बॅटरी बदलली. कारण असं होतं की काही पेडलं लाट उलटी करून बाहेर काढतात. साफ लाट वर जाते तेव्हा पेडलची खाली जाते, आणि तळातच दोघी सगळ्यात जास्त सारख्या असतात, त्यामुळे तिथेच एकमेकींना खातात. ओळखायचं असं: दोन्ही फांद्या मिक्सरच्या दोन चॅनेलवर घ्या आणि एका चॅनेलचं फेजचं बटण दाबा, शून्यावर तिरकी रेघ असते ते. ज्या स्थितीत तळ जास्त, ती बरोबर. मिक्सरवर ते बटण नसेल तर साफ फांदीत लाट उलटवणारं एखादं दुसरं पेडल घालून बघा.

डिजिटल पेडल एकाच फांदीत असेल तर ते आवाज किंचित उशिरा सोडतं. एक मिलिसेकंदाचा उशीर तळाला फारसा जाणवत नाही, पण ५०० हर्ट्झच्या आसपास खड्डा पाडतो, आणि आवाज नळीतून आल्यासारखा होतो. मिक्सरवर असाल तर डिस्टॉर्शनच्या चॅनेलचं लो-कट दाबा. तळ साफ फांदीकडेच राहू द्या. घाण वरच असावी.

पेडल उघडायचं झालं तर

आवाज अधूनमधून जातो, पिन हलवली की परत येतो, नॉब फिरवताना खरखर होते, अशा वेळीच पेडल उघडा. पावसाळ्यानंतर हे वाढतं. नॉबसाठी कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा पॉटच्या (नॉबखालच्या भागाच्या) फटीत मारा आणि नॉब वीस-पंचवीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. जॅकचं नट सैल असेल तर घट्ट करा, पण आतून जॅक धरून, नाहीतर तो फिरून स्वतःचीच वायर तोडतो.

गेल्या पावसाळ्यात असंच एक पेडल आलं. आवाज कधी पूर्ण, कधी बारीक. वरून सगळं सोल्डर चकचकीत दिसत होतं. भिंग लावून इनपुट जॅकच्या मधल्या पायाकडे पाहिलं, तर सोल्डरच्या टेकडीभोवती केसाएवढी काळी गोल रेघ. टेकडी जागेवर होती, पाय तिच्यातून सुटला होता. केबल लावताना रोज जो धक्का बसतो त्याने हे होतं. गरम लोखंड दोन सेकंद, थोडं नवं सोल्डर, आणि काम झालं. तुम्हाला सोल्डरिंग येत असेल तर हे घरी करा. आतले भाग तांदळाच्या दाण्याहून बारीक, बोर्डावर थेट चिकटवलेले असतील, तर झाकण लावा आणि दुरुस्तीवाल्याकडे द्या.

इथे थांबा

तारांना हात असताना माइकला ओठ लागून चटका बसला, बेसच्या धातूच्या भागाला मुंग्या येत असतील, तर वाजवणं लगेच थांबवा, आधी मुख्य स्विच बंद करा आणि मगच केबलला हात लावा. हे पेडलचं किंवा बेसचं दुखणं नाही, अर्थिंगचं आहे. एका सभागृहात मे महिन्यातल्या संध्याकाळी आमच्या गायकाला असा चटका बसला. इलेक्ट्रिशियनने बोर्ड उघडला तेव्हा अर्थची वायर स्क्रूखालून निघून मोकळी लोंबत होती. उन्हाळ्यात आणखी एक कारण असतं. आपली काळी माती वाळून भेगाळते आणि कोळसा-मिठाचा अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की अर्थ नीट लागत नाही. त्यात पाणी घालावं लागतं, पण अर्थ बरोबर लागतो की नाही हे मोजायचं काम इलेक्ट्रिशियनचंच. भुणभुण घालवायला प्लगची तिसरी पिन कधीही काढू नका, कोणी कितीही सांगितलं तरी. आवाज जातो हे खरं, पण मग बिघाड झाला की विजेला जायला फक्त तुमचं शरीर उरतं. अर्थिंगचा वेढा तोडायचा असेल तर डीआय बॉक्सवरचं (बेस मिक्सरला जोडायच्या डबीवरचं) ग्राउंड लिफ्टचं बटण वापरा.

व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प उघडू नका. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याएवढा दाब राहू शकतो. फ्यूज दुसऱ्यांदा उडाला तर तिसरा टाकू नका, मोठा तर अजिबात नाही. पेडल बंद असतानाही स्पीकर घासल्यासारखा आवाज करत असेल किंवा जळका वास येत असेल तर त्याची कॉइल गेली आहे किंवा जाते आहे. क्लिप झालेला आवाज स्पीकरला जास्त तापवतो, त्यामुळे "थोडा वेळ चालेल" म्हणून पुढे वाजवू नका.

दुरुस्तीवाल्याकडे जाताना फक्त पेडल नेऊ नका. बेस, तीच केबल, तोच अ‍ॅडॅप्टर सोबत न्या, आणि कुठल्या तपासण्या केल्या, कशाने फरक पडला, कशाने नाही, ते कागदावर लिहून द्या.